धाबळीतली बिजली

ब्रह्माघाट, वाराणसी
३ डिसेंबर २०२३

ती. मधुराताईंस,
सा. न. वि. वि.

मेलला कसला मायना लिहितेस, म्हणून तुम्ही हसाल. पण आप्पा मागे उभे आहेत, आणि मायन्याशिवाय ते सुनेला पुढचं अक्षर टाइप करू देणार नाहीत. (आता गेले, घाटावर.) फोन मुद्दाम केला नाही. आपल्या घरात फोनवर बोललेलं समोरच्या चबुतऱ्यावर ऐकू जातं, आणि ही गोष्ट पक्की होण्याआधी गलीभर व्हायला नको आहे.

पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओनं मला चाचणी दिली आहे. वीस सेकंदांचं एक दृश्य करून संक्रांतीच्या आत पाठवायचं. पसंत पडलं तर पुण्यात नोकरी. ताई, लग्नाला सहा वर्षं झाली. तुमच्या भावाचा बँकेचा डबा आणि आप्पांचा नैवेद्य यांतून जे काही शिकले ते दुपारी, घर झोपल्यावर. हे एक दार उघडलं आहे. ते बंद झालं तर मी पुन्हा ठोठावणार नाही, तेवढी ताकद नाही राहिली.

अडचण कॉम्प्युटरची आहे. दृश्य मी बनवते, पण शेवटी कॉम्प्युटर एकेक चित्र रेंडर करतो, म्हणजे पूर्ण घडवून काढतो, आणि आमचं हे खटारं एका चित्राला अर्धी दुपार घेतं. या चालीनं संक्रांत काय, पुढची दिवाळी येईल. चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं तर होईल म्हणतात. कोणतं घेऊ? श्रीनिवास म्हणाले, "दीदीला विचार, ती सांगेल ते घेऊ." तुमचा जन्म कॉम्प्युटरांत गेला, आमचा तुमच्यावर भरवसा.

तुमची,
वैदेही

*

पुणे
५ डिसेंबर

प्रिय वैदेही,

अभिनंदन! आणि मायना लिहीत जा, त्यानं मला उगाच म्हातारं आणि मोठं वाटतं. फक्त "गली" आणि "चबुतरा" पुण्यात येताना तिकडेच ठेवून ये. तुझं मराठी ऐकून स्टुडिओतली पोरं हसतील. मी पहिल्या वर्षी "बिजली गेली" म्हणाले होते, तर हॉस्टेलात वर्षभर मला बिजली म्हणत होते.

कार्ड निवडणं म्हणजे स्थळ बघणं. मुलगा नुसता देखणा असून भागत नाही. त्याला राहायला घर केवढं, आणि खायला घालायची तुमची ऐपत आहे का, तेही पाहावं लागतं. घर म्हणजे तुझं कॅबिनेट, खाणं म्हणजे वीज. तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड आणलंस तर ते कॅबिनेटात मावायचं नाही, आणि फार दांडगं आणलंस तर एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, दम तोडेल. तू बारा जीबी मेमरीचं, दोन पंख्यांचं घे. तुझ्या कामाला मेमरी जास्त हवी, बाकी मिरवणूक गेम खेळणाऱ्यांना. कॅबिनेटची आतली लांबी मोजून कळव, आणि एसएमपीएसवर किती वॅट लिहिलंय तेही.

मन लावून कर. आमच्या घराण्यातली एक बाई तरी त्या घाटाच्या पायऱ्या चढून बाहेर आली, मी. दुसरी तू हो. आप्पांचं काय ठरवलंत?

मधुरा

*

ब्रह्माघाट
१२ डिसेंबर

ती. मधुराताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं, चांगलं रडू. "दुसरी तू हो" हे मी श्रीनिवासांना दोनदा वाचून दाखवलं.

लांबी आप्पांनी मोजली. मी टेप शोधत होते तोवर ते मांडी घालून बसले आणि यज्ञाची वेदी मोजावी तशी बोटांनी अंगुळं मोजली. "सोळा अंगुळं. एक यव कमी." मी टेपनं पाहिलं तर तीस सेंटिमीटर, म्हणजे दोन पंख्यांचं आरामात मावतं. एसएमपीएसवर साडेपाचशे वॅट लिहिलंय. कार्ड मागवलं आहे.

आप्पांचं ठरवायला काही लागलंच नाही. श्रीनिवासांची बदली पुण्याला होईल, पण बँकेचं काम, वर्ष जाईल. तोवर मी एखाद्या खोलीत राहीन. आप्पांना हे भीत भीत सांगितलं. आयुष्यभर रामघाटाच्या पाठशाळेत वेद शिकवलेला माणूस, काशी सोडायची म्हणजे कपाळाला आठ्या पडतील असं वाटलं. तर म्हणतात, "अच्छा है! मी मधूकडे राहीन. लेकीच्या हातचं किती वर्षं खाल्लं नाही." दुसऱ्या दिवशी ट्रंक काढून उन्हात ठेवली. समोरच्या लीलाकाकूंना सांगून झालं, "पुणें जा रहे हैं, बिटिया के यहाँ." माझं कार्ड आलं का, हे माझ्याआधी तेच विचारतात.

बसवणार मात्र मलाच. कॉम्प्युटरची खोली देवघरातून जावं लागणारी, तिथून दुकानाचा माणूस नेणं आप्पांना चालत नाही. तुम्ही सांगा, मी करते.

तुमची,
वैदेही

*

पुणे
१५ डिसेंबर

वैदेही,

मापं ठीक आहेत.

आप्पांचं मला आधी विचारायचं होतंस. मी नाही म्हणत नाही, माझेच वडील आहेत. पण आमचा सातवा मजला, नळाला बोअरचं पाणी. ऋतुराजला सकाळी अंडं लागतं, आणि नवरा म्हणून त्यानं माझ्यासाठी आजवर पुष्कळ सोसलंय, त्याला या वयात सोवळं-ओवळं शिकवू का? आप्पा पहाटे उठून मोठ्यानं म्हणायला लागले तर सोसायटी तक्रार करेल. त्यांना इथलं मानवायचं नाही. लोक शेवटच्या दिवसांत काशीला येतात आणि तू काशीतून बाहेर काढतेस. जरा विचार कर.

मधुरा

*

ब्रह्माघाट
२१ डिसेंबर

ती. मधुराताईंस,
सा. न. वि. वि.

तुमची काळजी कळली. लेक ती लेकच, वडिलांना पाणी बाधेल इथपासून तुम्हाला घोर. आप्पांना मी एवढंच सांगितलं की ताई तुमच्या पाण्याची चिंता करतेय. ते म्हणाले, "तिला लिही, मी उकळून पिईन." ताई, निश्चिंत असा.

कार्ड आलं! आप्पांनी खोकं आधी देवापुढं ठेवायला लावलं. पूजेची धाबळी नेसूनच होते, ती लोकरीची, तुमच्या आजोबांच्या वेळची. खोक्याला गंध-अक्षता, फूल, वर घनपाठातली दोन वाक्यं. मी म्हटलं, "आप्पा, ये भगवान नहीं है." तर म्हणाले, "मला मधूकडे नेणारं वाहन आहे, हात जोडायला काय जातं?" कार्ड बाहेर काढलं, खोकं मात्र ते देवापुढून हलवू देत नाहीत. काम झाल्यावर हलवायचं म्हणे.

आता घाईनं सांगा, कारण कॅबिनेट उघडून बसले आहे. आत कार्ड कसं खोचायचं? आणि कार्डाच्या मागच्या पट्टीवर चार भोकं आहेत, त्यांना प्लास्टिकची टोपणं लावलेली आहेत. ती काढू का? मॉनिटरची केबल आत्ता कॅबिनेटच्या वरच्या भोकात आहे, तिचं काही करायचं आहे का?

वैदेही

*

पुणे
२१ डिसेंबर

वैदेही,

आधी प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरते. मागच्या दोन पट्ट्या स्क्रू काढून बाहेर घे. मदरबोर्डवर सगळ्यांत लांब खाच आहे, तिथं कार्ड सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी दाब, खटका वाजेपर्यंत. पट्टीला स्क्रू लाव. एसएमपीएसमधून आठ पिनांची एक तार लोंबत असेल, ती कार्डाच्या डोक्यावर खोच. विसरू नकोस, उपाशी कार्ड चालत नाही.

टोपणं काढू नकोस, धूळ जाते. मॉनिटरची केबल जिथं आहे तिथंच राहू दे.

मधुरा

*

ब्रह्माघाट
२२ डिसेंबर

ताई,

मायना राहू दे. स्क्रीन काळी आहे.

तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं. लोखंडाला हात लावला. पट्ट्या काढल्या. कार्ड दाबताना माझ्या अंगठ्यात जोर पुरेना, खटका वाजेना, तेव्हा आप्पा पूजेवरून उठून आले. "हट, मला दे." समिधा मोडणारे हात ते, एकदा दाबलं आणि खट्! आप्पा टाळ्या वाजवत म्हणाले, "बसलं! मधूला लिही, बसलं!" आठ पिनांची तार लावली. बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरतात, दिवा लागतो, आणि मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही. कार्ड काढलं की जुन्यासारखं चालतं. पुन्हा घातलं की काळं.

पुढून, आतून आणि मागून, तीन फोटो जोडले आहेत. काय चुकलं ते बघा. मी आज जेवले नाही.

वैदेही

*

पुणे
२३ डिसेंबर

वैदेही,

फोटो नीट पाहिले. तुझं काही चुकलेलं नाही.

आतल्या फोटोत आप्पा दिसताहेत, धाबळी नेसलेले. कार्डाला हात त्यांनीच लावला ना? मग संपलं. कोरड्या थंडीत लोकरीत स्थिर वीज साठते. लहानपणी अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या दिसायच्या, आठवतं? तेवढी एक ठिणगी कार्डाला पुरते. पंखे फिरतात, पण आतली चिप मेली. असं मेलेलं कार्ड कंपनी बदलून देत नाही. काढून ठेव आणि आहे त्यावर जमेल तेवढं कर. दुकानदारांकडे धावू नकोस, ते पुन्हा पुन्हा तपासण्याचे पैसे घेतील आणि हेच सांगतील.

वाईट वाटलं. पण खरं सांगायला हवं, नाही का?

मधुरा

*

ब्रह्माघाट
२ जानेवारी २०२४

ताई,

तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले. मी मूर्खासारखी स्वतःलाच दोष देत होते.

आप्पांना मी सांगितलं. तोंडावर सांगितलं. "तुमच्या सोवळ्यानं माझं नशीब ओवळं केलं," म्हटलं. ते म्हणाले, "धाबळीत बिजली? आमच्या वडिलांनी साठ वर्षं नेसली." मी म्हटलं, "त्यांच्या सुनेला नोकरी नव्हती करायची." सहा वर्षांत मी त्यांना उलट शब्द बोलले नव्हते. एकदा बोलल्यावर मग जमायला लागलं. ते खोलीच्या दाराशी आले की मी म्हणते, "बिजली आली, सरको." लीलाकाकूंना सांगितलं, त्यांनी गलीला. आता पाठशाळेतले विद्यार्थीसुद्धा मागून "बिजलीगुरू" म्हणतात. आप्पा वळून बघतात आणि पुढं चालू लागतात. बनारसमध्ये एकदा नाव पडलं की चितेपर्यंत पुसत नाही.

जुन्या मशीनवर रात्रंदिवस रेंडर लावलंय. बिजली गेली की ते चित्र पहिल्यापासून. तुमच्या मराठीत वीज.

आप्पांनी तुमच्यासाठी खाली मजकूर सांगितला आहे. ते सांगत होते, मी टाइप केला. एकही शब्द माझा नाही.

वैदेही

"चि. मधूस अनेक आशीर्वाद. माझ्या हातून सूनबाईचं यंत्र बिघडलं. तिचा राग योग्य आहे. तिचं काम झालं न झालं, पुढेमागे मी तुझ्याकडे येणारच, आणि तुझ्या घरी तर यंत्रं पुष्कळ, तुझं पोट त्यांवर. तिथं माझ्यामुळे काही बिघडू नये, म्हणून आधीच विचारतो. धाबळी सोडून मी रेशमी मुकटा नेसलो तर चालेल का? का रेशमातही बिजली असते? कोणत्या वस्त्रात नसते ते शास्त्र पाहून लिही. तुला अडचण होईल असं काही मी करणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन. ट्रंक बांधलेली आहे."

*

पुणे
४ जानेवारी

ती. आप्पांस सा. न.

रेशीम आणि लोकर, दोन्ही वीज धरतात. सुती कोरडं असेल तर थोडी, ओल्या सुती कापडात मुळीच नाही. शास्त्र असं आहे.

आमच्याकडे घरभर यंत्रं आहेत, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. म्हणून म्हणते, आधी तिथं सवय करून पाहा. धाबळी आणि मुकटा यांच्याशिवाय हिवाळा निघतो का बघा. निघाला तर पुढचं पुढं बघू. नाही निघाला तर काशीसारखी जागा नाही.

मधू

(वैदेही, हे त्यांना वाचून दाखव. आपोआप विचार सोडतील. धाबळीशिवाय ते दोन दिवस राहायचे नाहीत, मी ओळखते त्यांना.)

*

पुणे
१६ जानेवारी

वैदेही,

काल संक्रांत झाली. तिळगुळाचा डबा कुरियरनं पाठवला आहे, गोड बोला. चाचणीचं काय झालं? काहीच कळवलं नाहीस.

मधुरा

*

ब्रह्माघाट
२० जानेवारी

ताई,

डबा पोचला. वीस सेकंदांतले सातच झाले होते, तेच पाठवले. त्यांनी दोन ओळींत आभार मानले आणि जागा दुसऱ्या मुलीला दिली. तिचं काम पाहिलं. माझं जास्त चांगलं होतं, पण तिचं पूर्ण होतं.

इकडे कोहरा. धुकं म्हणा तुम्ही, पण धुक्यात समोरची भिंत दिसते, आमच्या कोहऱ्यात स्वतःचा हात दिसत नाही. कपडे वाळतच नाहीत. आप्पा पहाटे गंगेवर स्नान करतात, पंचा पिळतात आणि तोच ओला नेसून पूजेला बसतात. उठेपर्यंत ओठ निळे. श्रीनिवास ओरडले तर म्हणाले, "मधूनं शास्त्र पाहून लिहिलंय. हिवाळा काढला की ती बोलावणार." खोकला धरला आहे, रात्री ऐकू येतो.

मी मध्ये पडले नाही. माझी परीक्षा तर बुडाली, त्यांची चालू दे.

वैदेही

*

पुणे
२२ जानेवारी

वैदेही,

वाईट झालं. दुसरी संधी येईल.

आप्पांचा हट्ट नवा नाही. थंडी वाढली की गुपचूप धाबळी काढतील. अडुळशाचा काढा दे. आणि माझं नाव घेऊन कोणी काही करत असेल तर मी काय करणार, मी काही ओल्यानं बसा असं लिहिलं नव्हतं.

मधुरा

*

ब्रह्माघाट
२४ फेब्रुवारी

मधुराताई,

तुम्ही दहाव्याच्या दुपारच्या विमानानं गेलात, मीटिंग होती. आप्पांचा तेरावा व्यवस्थित पार पडला. पाठशाळेतले सगळे आले. ज्यांनी "बिजलीगुरू" म्हटलं होतं ते जास्त रडले.

न्यूमोनिया असं डॉक्टरांनी लिहून दिलं, ते तुम्ही वाचलंतच. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी त्यांच्या छातीला यंत्राच्या तारा लावल्या होत्या. तुम्ही पोचायच्या आधी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. अंगावरच्या घोंगडीवर बोट ठेवून विचारलं, "लोकर?" मी होय म्हटलं. त्यांनी ती स्वतःच्या हातानं बाजूला केली, यंत्र बिघडू नये म्हणून.

हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज देवघर आवरलं. कार्डाचं खोकं अजून देवापुढंच होतं, गंध वाळलेलं. "काम झाल्यावर हलवायचं," आणि काम झालंच नव्हतं. उघडलं तर आत माहितीचा कागद. त्यावर शब्द फार नाहीत, चित्र आहे. मॉनिटरची केबल वरच्या भोकातून काढायची, कार्डाचं टोपण काढायचं आणि तिथं लावायची.

मी कार्ड पुन्हा बसवलं. या खेपेस माझ्याच अंगठ्यांनी खटका वाजला. टोपण काढलं, केबल लावली. स्क्रीन लागली. कार्ड पहिल्या दिवसापासून जिवंत होतं.

मागून काढलेला फोटो मी तुम्हाला पाठवला होता. त्यात केबल दिसते. टोपणं दिसतात. मी टोपणांबद्दल तर आधीच विचारलं होतं. ताई, मला इतकंच सांगा, तुम्हाला दिसलं नव्हतं ना?

वैदेही

*

पुणे
२६ फेब्रुवारी

वैदेही,

दिसलं होतं. खोटं कशाला बोलू, आता ज्याच्यासाठी बोलायचं तो माणूस नाही.

टोपणांचं लिहिलं तेव्हाच ठरवलं होतं. वाटलं, तू दोन दिवस झटशील, कंटाळशील, चाचणी जाईल आणि सगळं होतं तसं राहील. तू इथं आलीस की आप्पा माझ्या दारात, हे तूच लिहिलंस, मला न विचारता, ट्रंकेसकट. सगळ्या आयुष्यात एक गोष्ट मी मिळवली होती, त्या घराबाहेरचं घर. ते तू पत्रातल्या चार ओळींत त्यांना देऊन टाकलंस. मला तुझा राग आला होता. अजून आहे.

पण माझ्या गळ्यात सगळं बांधू नकोस. धाबळीनं कार्ड मेलं असं मी लिहिलं, नशीब ओवळं केलं असं मी म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याला गलीत नाव मी पाडलं नाही. तो ओल्या पंचात कुडकुडत होता तेव्हा मी हजार किलोमीटर लांब होते, तू पलीकडच्या खोलीत. तुझं वाक्य माझ्याकडे लिहिलेलं आहे, "त्यांची चालू दे." श्रीनिवासला तुला माझी पत्रं दाखवायची असतील तर खुशाल दाखव. मी तुझी दाखवीन.

बाकी काही नको. आप्पांची धाबळी तेवढी कुरियरनं पाठव. आजोबांची आहे. आठवण म्हणून लेकीचा तेवढा हक्क राहतो.

मधुरा

*

ब्रह्माघाट
३ मार्च

ती. मधुराताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. श्रीनिवासांना मी काही दाखवलेलं नाही आणि तुम्हीही दाखवणार नाही, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. तेव्हा यापुढे आपण एकमेकींना सांभाळून राहू, जावाजावांपेक्षा जास्त.

स्टुडिओचा गेल्या आठवड्यात फोन आला. ती दुसरी मुलगी सोडून गेली. मी नवं दृश्य पाठवलं, पूर्ण वीस सेकंदांचं, आणि ते त्यांना पसंत पडलं. कार्ड उत्तम चालतं, तुमची निवड चांगली होती. होळी झाली की मी पुण्याला येते. इथं थांबायला आता काही कारण नाही. सणावारी तुमच्याकडे येईनच, लोक विचारतील नाहीतर. ट्रंक आणू का? बांधलेली आहे तशीच आहे, आत वर एक उकळलेलं पाणी भरायची बाटली ठेवलेली आहे, नवी.

धाबळी मात्र पाठवता येत नाही. तुमचं उत्तर वाचून दाखवलं त्याच दिवशी आप्पांनी ती संकठाघाटावरच्या एका नाववाल्याला देऊन टाकली. मी सोबत होते. देताना त्याला बजावलं, "सम्हाल के भैया, इसमें बिजली है." तो घाबरून घेईना, तेव्हा आप्पांनी स्वतः त्याच्या खांद्यावर टाकली.

काल पहाटे मी घाटावर गेले होते. तो नावेत बसला होता, धाबळी गळ्यापर्यंत ओढून. मी विचारलं, "काहो भैया, करंट लगता है?"

तो हसला. म्हणाला, "नाहीं बहूजी. बड़ा गरम हौ."

मी परत मागितली नाही. तुम्हाला हक्क वाटत असेल तर या, आणि त्याच्या अंगावरून काढून न्या.

आपली,
वैदेही